साक्ष सांगताना, साक्ष लिहिताना

शास्त्रपाठ : योहान 9:1-38, मार्क 5:18-20, गलतीकरांस पत्र 1:15-18. लेख वाचण्यापूर्वी हे भाग सावकाश, शक्य असेल तर मोठ्याने वाचावेत.



नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला असतो. सगळे गोल करून बसतात आणि एकेक जण उठून आपली साक्ष सांगतो. मी प्रभूकडे कसा आलो, सेवेचे पाचारण कसे झाले, आज येथे का आहे. प्रत्येकाला पाच मिनिटे. यंदा त्या संध्याकाळची तयारी माझ्याकडे आहे. तयारी करता करता लक्षात आले की साक्ष सांगायला आपण शिकवतो. दुसऱ्याची साक्ष ऐकायला आणि लिहून घ्यायला कुठेच शिकवत नाही. माझ्या सेवेतली सगळ्यात मोठी चूक नेमकी याच ठिकाणी झालेली आहे. ती मी पुढे सांगणार आहे. आधी वचनाकडे जाऊ.

जन्मांधाचे ‘ठाऊक नाही’

योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध माणसाची गोष्ट रविवारच्या शाळेपासून आपल्याला पाठ आहे. चिखल, शिलोहाचे तळे, दृष्टी. आपण बहुधा तिथेच थांबतो. पण चमत्कार सातव्या वचनात संपतो आणि अध्याय एकेचाळीस वचनांचा आहे. उरलेली सगळी वचने त्या माणसाला लोक काय विचारतात आणि तो काय उत्तरे देतो याची आहेत. म्हणजे हा अध्याय साक्षीचा आहे.

त्याची उत्तरे क्रमाने पाहा. शेजारी विचारतात तेव्हा तो एवढेच सांगतो की येशू नावाच्या एका माणसाने असे असे केले (वचन 11). तो कुठे आहे असे विचारल्यावर म्हणतो, ठाऊक नाही (12). परूशी विचारतात तेव्हा तो त्याला संदेष्टा म्हणतो (17). पुन्हा बोलावून विचारतात तेव्हा तो माणूस पापी आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, आपण आंधळे होतो आणि आता दिसते एवढे ठाऊक आहे, असे सांगतो (25). मग वाद वाढतो आणि हा देवापासून आलेला आहे इथवर तो येतो (33). लोक त्याला बाहेर घालवतात. बाहेर घालवल्यावर येशू त्याला शोधून काढतो, आणि तेव्हा कुठे तो विश्वास ठेवतो व नमन करतो (38).

एकाच गोष्टीत ही साक्ष चार-पाच वेळा बदलते. खोटी कुठेच होत नाही. जेवढे कळले आहे तेवढेच तो बोलतो, आणि जे कळलेले नाही त्याला दोनदा ‘ठाऊक नाही’ म्हणतो. आपल्या साक्षीच्या संध्याकाळी ‘ठाऊक नाही’ हे शब्द मी आजवर फारसे ऐकलेले नाहीत.

त्याच्या आईबापांकडेही पाहावे. ती भ्यालेली आहेत. सभास्थानातून घालवतील म्हणून मुलाचे मुलालाच विचारा असे म्हणून ती बाजूला होतात. एकाच्या साक्षीची किंमत घरातले सगळे मोजतात, हे योहानाने लपवलेले नाही. पाड्यावर काम करणाऱ्याने ही चार वचने (20 ते 23) पुन्हा पुन्हा वाचावीत.

माझी उसनी साक्ष

मी नगर जिल्ह्यातली. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. जन्मापासून मंडळीत, बालपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, नाताळच्या नाटकात तीन वर्षे देवदूत. ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमासाठी मुलाखतीला गेले तेव्हा पहिलाच प्रश्न आला : तुझे तारण कधी झाले? मला तारीख नव्हती. माझ्या आधी आत गेलेली मुलगी बाहेर बसली असताना तिच्या आजारपणाची आणि रात्री झालेल्या दर्शनाची हकीकत सांगत होती. मी बारा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता, हे खरे. त्या तापात मी प्रभूला शब्द दिला की बरी झाले तर तुझी सेवा करीन, हे मी त्या खुर्चीवर बसल्या बसल्या जुळवले. प्रवेश मिळाला.

दोन वर्षांत ती गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन! दर खेपेला ती जरा रंगत गेली. शेवटी शेवटी तर त्यात आईचे रडणेही आले होते. आई त्या वेळी खरे तर मला मोसंबीचा रस पाजून शेतावर जात असे.

दुसऱ्या वर्षी मंडळीचा इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाईंनी 1907 साली प्रसिद्ध केलेली आपली साक्ष, अशी दोन पुस्तके वाचायला लावली. परीक्षेत त्यांवर दहा गुणांचा एक प्रश्न होता. मला मात्र तो प्रश्न अजून पुरतो आहे.

टिळक पती-पत्नी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा प्रवास आपल्या प्रवचनांत नेहमी येतो. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले, बोलणे झाले, त्यांनी नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट देखणी आहे, सांगायला सोपी आहे, आणि भाकिताची जोड असल्यामुळे ऐकणाऱ्याला आवडते.

पण त्याच घरातला दुसरा प्रवास पाहा. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंवर कोसळली. त्या नातलगांकडे राहिल्या. पुढे टिळकांजवळ आल्या त्यासुद्धा आपले सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तरही स्वतःच काढले. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधली पाच वर्षे पुस्तकात आहेत, आणि ती हसत हसत लिहिलेली असली तरी सोसताना हसण्यासारखी नव्हती. नवऱ्याचा विश्वास त्यांनी उसना घेतला नाही. मला वाटते, म्हणूनच त्यांची साक्ष इतक्या वर्षांनंतरही ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही धरून ठेवते.

टिळकांचाही प्रवास बाप्तिस्म्यापाशी संपत नाही. नगरला त्यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्यांना शिकवले, 1904 साली त्यांना दीक्षा मिळाली, 1912 पासून ‘ज्ञानोदया’चे काम पाहिले. आणि 1917 साली, साठीकडे झुकत असताना, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताजवळ येऊ इच्छिणाऱ्याला आपले देशीपण टाकावे लागू नये, ही त्यामागची ओढ होती. 9 मे 1919 रोजी ते वारले. म्हणजे टिळकांची साक्ष 1895 सालीच कोणी छापून बंद केली असती, तर तिचा मोठा भाग बाहेरच राहिला असता.

रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आईवडील दुष्काळात गेलेले, पती बिपिन बिहारी मेधावी बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी वारलेले, जवळ लहानगी मनोरमा. बाप्तिस्म्यानंतर मात्र वाँटेजच्या भगिनींनी शिकवलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मान डोलावून घेतली नाही. त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी त्यांनी प्रश्न विचारले आणि पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. शिकवणाऱ्यांना त्याचा त्रास झाला. पुढे 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हाही त्यांच्या मनातला शोध संपलेला नव्हता. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन बसले. एवढी मोठी बाई, जगभर नाव झालेली, आणि लिहिते की तेव्हा मला अजून सापडला नव्हता! आणि मी टायफॉइड सजवत बसले होते.

कल्पना करा, 1884 साली कोणी रमाबाईंना तुमची साक्ष द्या म्हटले असते तर काय मिळाले असते? खोटे मिळाले नसते, पण कच्चे मिळाले असते. निसवलेल्या पण न भरलेल्या भातासारखे. कापले तर पेंढाच हाती येतो.

प्रशिक्षण म्हणजे आधी राहणे

आता प्रशिक्षणाविषयी थोडे. पौलाची दिमिष्काच्या वाटेवरची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येते (अध्याय 9, 22, 26). यरुशलेमेतल्या संतापलेल्या जमावापुढे तो ती एका रीतीने मांडतो आणि अग्रिप्पा राजापुढे दुसऱ्या रीतीने. घडलेले तेच, पण समोर कोण आहे ते पाहून बोलतो. आणि गलतीकरांस लिहिताना तो जे सांगतो ते आपण सहसा गाळतो : त्या प्रकाशानंतर तो लगेच यरुशलेमेला गेला नाही, अरबस्तानात गेला, पुन्हा दिमिष्कास आला, आणि तीन वर्षांनी पेत्राला भेटला. आपले शिबिर नऊ दिवसांचे असते.

मार्क 3:14 मध्ये बारा जणांच्या नेमणुकीचा क्रमही ध्यानात घ्यावा. पहिले काम त्याच्याबरोबर राहण्याचे, पाठवणे त्यानंतर. आपल्या डिप्लोमात मला ग्रीक क्रियापदे शिकवली, उपदेशाचे तीन भाग कसे पाडावेत ते शिकवले. वारली बोलीतला एक शब्द शिकवला नाही. ते शिक्षण जव्हारच्या बाजूला नागलीच्या वावरात बायकांबरोबर वाकून झाले, आणि माझ्या उच्चारांना हसून हसून त्यांनीच ते दिले. विल्यम केरी 1793 साली बंगालमध्ये आले. तिथला त्यांच्या मिशनचा पहिला बंगाली विश्वासी, कृष्ण पाल नावाचा सुतार, याचा बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरात झाला. सात वर्षे. त्याची ओळखही निखळलेला खांदा बसवून घेण्यावरून झाली; तो बसवला डॉक्टर जॉन थॉमस यांनी. रमाबाईंनी तर खेडवळ बायकांना समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत आणण्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षे त्यात घातली. 1922 साली त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

जीपची गोष्ट

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, आमच्या बालवाडीच्या पाड्यावर एका घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. रात्री जमिनीवर झोपला होता. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले. मण्यार चावली की असे होते. दंश दिसतही नाही. मी त्या रात्री पाड्यावरच मुक्कामाला होते. आई मुलाला आधी भगताकडे घेऊन गेली, मी मागे गेले. भगताने पोराची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाला की हे माझ्या हातातले नाही, दवाखान्यात न्या. त्यानेच धाकट्या भावाला उठवले. भावाची जीप होती. ओहोळाला पाणी होते, तरी त्याने ती काढली. दवाखान्यात प्रतिविष चढवले, श्वास अडू लागला तेव्हा नळी घालून पिशवीने श्वास दिला, मग मोठ्या दवाखान्यात हलवले. बाराव्या दिवशी मूल घरी आले.

दोनेक वर्षांनी त्याची आई आमच्या प्रार्थनेला येऊन बसू लागली. त्याच सुमारास एका पत्रकासाठी माझ्याकडे साक्ष मागितली गेली. चारशे शब्द, फोटोसह, आठ दिवसांत. मी लिहिली. प्रार्थनेने मूल वाचले असे लिहिले. भगताचे मंत्र निष्फळ ठरले असेही लिहिले. जीप कोणाची ते लिहिले नाही. दवाखाना एका ओळीत उरकला. त्या बाईला विचारले होते का? फोटो काढू का, एवढे विचारले होते.

पत्रक छापून आले. मी मोठ्या कौतुकाने एक प्रत तिला नेऊन दिली. तिची मुलगी आश्रमशाळेत नववीत होती, तिने ओट्यावर बसून आईला ते वाचून दाखवले. बाई ऐकत राहिली. मग तिने जे म्हटले ते वारलीत होते, मी माझ्या मराठीत सांगते : “ताई, हे कोणाचं लिहिलंस? माझं नाही. दवाखान्यात न्या हे भगतानं सांगितलं. गाडी त्याच्या भावाची. तू तर गाडीत माझ्या शेजारीच होतीस.”

ती प्रत पाड्यावर फिरली. भगताच्या घरची तीन मुले बालवाडीत येत होती, ती बंद झाली. त्यांच्या पाठोपाठ आणखी पाच. ही मुले एक वेळचे नीट जेवण आमच्याकडे जेवत होती. माझ्या चारशे शब्दांनी ते चार महिने तुटले. बाईला पुढच्या लग्नाला भाऊबंदांनी बोलावले नाही. तिने मला दोष दिला नाही, पण प्रार्थनेला येणे थांबवले.

मी भगताकडे गेले. पहिल्या खेपेस तो घरातून बाहेर आला नाही. दुसऱ्या खेपेस आला, आणि मी तुमचे नाव खराब केले, लिहिलेले खोटे आहे, असे मी त्याच्या भावासमोर सांगितले. त्याने चहा दिला. बोलला फारसा नाही. मुले दिवाळीनंतर परत आली. पत्रकालाही दुरुस्तीचे पत्र पाठवले. ते छापले गेले की नाही याचा मी पुढे पाठपुरावा केला नाही, हीही माझीच ढिलाई.

मार्क 5 मध्ये बरा झालेला माणूस येशूबरोबर येऊ पाहतो आणि येशू त्याला आपल्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवतो. त्याची साक्ष पहिल्यांदा ऐकणार होते ते त्याला जन्मापासून ओळखणारे लोक, डुकरांच्या कळपाचे काय झाले ते पाहिलेले लोक. तिथे एक शब्द वाढवून चालला नसता. आपण साक्ष दूरच्या वाचकासाठी लिहितो आणि समजतो की पाड्यावर ती कोणी वाचणार नाही. आता प्रत्येक पाड्यावर नववी-दहावीची पोरे आहेत. आणि कोणी वाचणार नसते तरी ते खोटेच होते.

यंदाच्या संध्याकाळी

म्हणून यंदा गोल करून बसणे आहे, पण पाच मिनिटांची साक्ष नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करणार आहे. एकाने अर्धा तास आपला प्रवास सांगायचा, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचा, मग सगळ्यांपुढे त्याने तो सांगायचा, आणि ज्याचा आहे त्याने जागच्या जागी दुरुस्त करायचा. ज्याला तारीख नाही त्याने नाही म्हणावे. सुरुवात मी माझ्या टायफॉइडपासून करणार आहे. डिप्लोमाच्या माझ्या दोन वर्गमैत्रिणी त्या दिवशी तिथे असतील, त्यांना ती गोष्ट पाठ आहे.

लिहून घेण्याबाबत आमच्या गटाने काही रीत ठरवली आहे, तीही प्रशिक्षणार्थींना सांगेन. ज्याची साक्ष त्याला ती त्याच्या बोलीत वाचून दाखवायची, आणि घरातले आणखी एक माणूस तेव्हा हजर हवे. पाड्याचे नाव, मुलाचा चेहरा छापायचा नाही. डॉक्टर, शेजारी, भगत, ज्याने ज्याने हात लावला त्याला गाळायचे नाही. देवाचे श्रेय वाढवण्यासाठी माणसाचे कापावे लागते असे शास्त्रात मला कुठे सापडले नाही. आणि आठ दिवसांत साक्ष मागितली तर नाही म्हणायचे. यावर एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले, मग मदत करणारे वाचतील काय? प्रश्न रास्त आहे. बालवाडीचा तांदूळ आकाशातून पडत नाही. माझे उत्तर एवढेच होते की बालवाडीत किती मुले जेवतात, किती वजन वाढले, किती दिवस बंद होती, हे लिहू. तेही वाचण्यासारखे आहे. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

ती बाई दीड वर्षाने पुन्हा येऊन बसू लागली. गेल्या वर्षी तिनेच विषय काढला, म्हणाली आता नीट लिही. मी वही घेऊन बसले आणि विचारले, तू प्रार्थनेला का येऊ लागलीस? मला वाटले होते मुलाचे सांगेल. ती म्हणाली, “त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर तू माझ्याजवळ बसून राहिलीस. काही बोलली नाहीस. पोराला कोणी वाचवलं ते मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून मी तुझ्या देवाशी बोलते. तो आमच्या देवांवर रागावतो का, ते मला अजून कळलेलं नाही.”

मी ते तसेच उतरवून घेतले. शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह झाला, गाळले नाही. वाचून दाखवले तेव्हा तिने दोन ठिकाणी बदल करायला लावला; एक, जीपच्या डिझेलचे पैसे भगताच्या भावाने घेतले नव्हते, ते राहिले होते. या वर्षी पुन्हा वाचून दाखवायला गेले तर ती लावणीत होती. भात झोडून झाल्यावर ये, म्हणाली, अजून थोडे सांगायचे आहे. वही माझ्याजवळ आहे. या अंकात ती साक्ष नाही.